तक्त्याची शेवटची ओळ

"मावशींना या चाचणीतून बाहेर काढा," डॉक्टर प्रमोद म्हणाले, आणि मायाचं डोकंच फिरलं.

कॅम्प दोन या वस्तीतला त्यांचा डोळ्यांचा दवाखाना नव्या रंगाच्या वासाने भरला होता. सामान मधोमध ओढलेलं, दाराशी शिडी, डॉक्टरांच्या काखेत कसलीशी गुंडाळी. मायाचं तिकडे लक्ष कुठलं!

अंबरनाथच्या लॅबमध्ये तिने जीव जाळून केलेल्या औषधाची चाचणी होती ती, आणि मावशी म्हणजे तिची आई. पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांना तो अडवणार होता. मधुमेहाने आईचा एक डोळा गेला, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

"फोटोत रक्तवाहिन्या वाढतायत," डॉक्टर म्हणाले. "नेहमीचं इंजेक्शन सुरू करू. आत्ता दिलं तर उरलेला डोळा वाचेल. नंतर माझ्याही हातात काही राहणार नाही."

"फोटो, फोटो! आणि आई दर वेळी तक्त्याच्या जास्त ओळी वाचते, ते काय खोटं? माझं औषध चालतंय हेच तुम्हाला बघवत नाही!"

"माया, ओरडू नको गं," खुर्चीतून चांगुणाबाई म्हणाल्या. "मला छान दिसतंय." बोलता बोलता त्यांचा चहा बशीबाहेर सांडला.

मायाने तो पुसला. हल्ली आईचा हात थरथरायचा. बाकी म्हातारी मजेत होती. बदलापूरच्या घरी दिवसभर ओठांतल्या ओठांत तिचा जप चालायचा.

"चला, आत्ता वाचून घ्या, माझ्यासमोर," माया म्हणाली. "शेवटची ओळ वाचली तर औषध चालू राहणार. मग एक शब्द बोलायचा नाही तुम्ही."

डॉक्टरांनी चांगुणाबाईंची खुर्ची भिंतीकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "मावशी, वाचा."

माया भिंतीकडे पाठ करून, डॉक्टरांवर डोळे रोखून उभी राहिली.

चांगुणाबाईंनी मान ताठ केली. "ग. त, म. ल, ह, क." कुठे अडखळणं नाही, की थांबणं नाही. शेवटच्या ओळीला तर त्यांचा आवाजच चढला. "च, न, प, र, व!"

"झालं समाधान?" माया कडाडली. "आता बोला की!"

डॉक्टरांनी काखेतली गुंडाळी तिच्या हातात दिली. रंगाऱ्यांसाठी सकाळीच भिंतीवरून उतरवलेला तक्ता होता तो.