माग चालू होते

कबनूरचा प्रभुलिंग बायकोला मारायचा, ते आधी घरातले चारही यंत्रमाग सुरू करून. शिवांजली कितीही किंचाळली तरी त्या खडखडाटात भिंतीपलीकडं काही जायचं नाही. मारायला हाताशी मागाचाच लाकडी धोटा असायचा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला.

दोन बरगड्या मोडल्यावर ती माहेरी गेली आणि तिनं घटस्फोटाचा दावा लावला. शेजारच्या शिवगंगाक्कांनी कोर्टात खरं तेच सांगितलं, "माग चालू असत्यात साहेब. काय ऐकू येत न्हाय."

छळ शाबीत झाला नाही. उलट नवऱ्याच्या अर्जावर हुकूम निघाला, बायकोनं नांदायला जावं.

ती गेली. आठवड्याच्या आत एका भर दुपारी तिनं तोच धोटा उचलला आणि प्रभुलिंगचे दोन्ही हात कोपरापासून मोडले. तो गुरासारखा ओरडत होता, आणि ती थांबत नव्हती.

मग छळाचा दावा त्यानं लावला. वाकडे जुळलेले हात घेऊन तो कोर्टात उभा राहिला. साक्षीला पुन्हा शिवगंगाक्काच.

"त्या दुपारी ह्यांचं ओरडणं ऐकलंत ना?" त्याच्या वकिलानं विचारलं.

अक्कांनी एकदा शिवांजलीकडं बघितलं.

"न्हाय बा. माग चालू हुतं की!"



त्या दिवशी सकाळपासून अख्ख्या गल्लीत लाईट नव्हती.