वरच्या खोलीतला सूर

नवऱ्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून तिचा एक कान कायम वरच्या खोलीकडे असायचा. गिटार वाजत असली की स्वारी ठीक. थांबली की ती हातातलं काम टाकून जिना चढायची.

काल धाकट्या दिराने त्या गिटारमध्ये सूर लांबवणारं सर्किट बसवून दिलं. आज दुपारी तो कसं चाललंय बघायला आला, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत कुरकुरली, "काय करून ठेवलंत भावजी? सकाळपासून एकच सूर धरून बसलेत. जेवायला हाक मारली तर ओ द्यायचं नाव नाही."

दीर चपला काढता काढता थांबला.



"वहिनी, एकदा तार छेडली की बॅटरी संपेपर्यंत ते आपोआप वाजत राहतं. त्याला दादा लागत नाही."