कोरं पातं

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सगळं गाव बंदुका घेऊन रानात, आणि मी एकटा गॅरेजात ड्वेनच्या पिकअपखाली उताणा. बर्फ लोटायचं तीनशे किलोचं पातं पुढे लावलं, तर गाडीचं नाक जमिनीला टेकणार होतं.

"आजच कर रे बाबा," ड्वेन सकाळीच येऊन गयावया करून गेला होता. "आमच्या म्हाताऱ्याचं हार्टचं ऑपरेशन झालंय. बर्फ पडला की ऐकणार नाही, फावडं घेऊन अंगणात उतरेल."

मग काय, हरण गेलं खड्ड्यात. पुढच्या स्प्रिंगा काढून जाडजूड घातल्या, वर रबराचे ठोकळे बसवले. पातं उचलून बघितलं, नाक बोटभरही झुकलं नाही.

आठवड्याने सरोवरावरून वारा सुटला आणि गुडघाभर बर्फ पडला. सकाळी बघतो तर पिकअप कॉफीच्या दुकानासमोर उभी, लालभडक पातं हवेत, आणि ड्वेन कप हातात धरून चार जणांना माझ्या स्प्रिंगा दाखवतोय. रस्त्यापलीकडे त्याच्याच अंगणात त्याचा म्हातारा बाप आर्व्हो दर दोन फावड्यांनी थांबत, छाती धरत बर्फ उपसत होता. ड्वेनची शिसारी आली मला.

धावत जाऊन मी फावडं हिसकावलं. "काका, पोराला गाडीने बर्फ लोटायला काय झालं?"

"नवं पातं आहे ना, रंग खरवडला जाईल म्हणाला. पहाटे उठून त्याच्या गाडीला वाट मीच करून दिली."

धाप जरा कमी झाल्यावर त्याने फावड्यासाठी पुन्हा हात पुढे केला.



"दे इकडे. तो परत आला की गाडी लावायला जागा नको का?"