वेताची खुर्ची

मालिका सुरू होऊन दहा मिनिटं झाली, तरी बाहेरच्या खोलीतली शशीची खुर्ची एकदाही करकरली नव्हती.

अलका स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाती वळत होती. तिने कान दिला. नवऱ्याची ती वेताची जुनी खुर्ची. नुसता श्वास सोडला तरी कुरकुरायची. आज गप्प. सोफ्याची स्प्रिंग मात्र दोनदा वाजली होती. एकदा शेजारची मालविका बसली तेव्हा. आणि दुसऱ्यांदा?

दार ढकललं असतं तर कळलं असतं. पण दार उघडलं की समोर आधी टीव्हीच येतो, आणि तो तर तिने सोडला होता. जूनमध्ये लीड्सच्या हॉस्पिटलात शशीला बायपाससाठी आत नेलं, तेव्हा बाहेर बसून ती देवाला म्हणाली होती, "एवढं निभावून ने. चातुर्मासभर मी माझी मालिका बघणार नाही." कांदा-लसूण काय, कुणीही सोडतं. सोडायचं तर जिवाचं सोडावं. तिची मालिका म्हणजे युद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या चार बायका, युद्ध संपल्यावर आपापल्या घरी भांडी घासत बसलेल्या, आणि आता समुद्रकाठच्या गावांमधून एकामागून एक घरमालकिणींना मारत सुटलेल्या खुन्याच्या मागावर निघालेल्या. रविवार दुपारच्या या तासाइतकं जिवाचं अलकाकडे दुसरं काही नव्हतं.

देवाने निभावलं. शशी ठणठणीत झाला. एकट्याला बघायला कंटाळा येईल म्हणून तीन घरं सोडून राहणाऱ्या मालविकाला अलकानेच बोलावलं. "यांना तेवढीच सोबत होईल गं," असं म्हणाली. स्वतःच्या तोंडाने.

बाहेरून मालविकाचं हसणं आलं. "शशी, तुम्ही ना, टू मच! तो बिचारा प्रीस्ट कशाला खून करेल?"

मागच्या रविवारपर्यंत ती त्याला डॉक्टर म्हणायची.

"अगं, प्रीस्टच. लाव पैज!"

अलकाच्या बोटांत वात तुटली. तिच्याशी त्याने कधी पैज लावली नव्हती. तिच्याबरोबर बघताना तो अर्ध्या तासात घोरायला लागायचा. आणि प्रीस्ट म्हणे! प्रीस्टचा काय संबंध? बघणं सोडलं होतं. दाराआडून आपोआप कानावर येतं त्याला ती तरी काय करणार? प्रत्येक खुनाच्या आधी कुणीतरी काडेपेटी दोनदा हलवून बघायचं, खळ्‌ खळ्‌. मागच्या रविवारी म्हातारा पोस्टमास्तर त्या चौघींना गोड बोलून पत्ता सांगत होता, तेव्हा मध्येच तसंच वाजलं होतं. खळ्‌ खळ्‌. बघणाऱ्यांचं लक्ष त्याच्या गोड चेहऱ्याकडे गेलं असणार. अलकासमोर चेहरा नव्हताच, नुसता आवाज होता.

स्प्रिंग तिसऱ्यांदा वाजली.

"उशी घ्या ना पाठीला," मालविका हळूच म्हणाली.

अलका उठली. एका हातात वातींचं ताट घेतलं, दुसऱ्या हाताने जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलली, आणि पाठीने दार ढकलून पाठमोरीच बाहेरच्या खोलीत शिरली. भिंतीकडे बघत, एकेक पाऊल मागे टाकत टीव्हीपर्यंत गेली. टीव्हीच्या बरोब्बर पुढ्यात खुर्ची मांडली आणि सोफ्याकडे तोंड करून बसली.

दोघं सोफ्यावर होती. शशीच्या पाठीला अलकाने भरतकाम केलेली उशी होती. चिवडा तिने दोन वाट्यांतून दिला होता. एक वाटी खाली रिकामी पडली होती आणि दुसरी दोघांच्या मध्ये होती.

"अगं, काय हे?" शशी सावरून बसला. "टीव्हीच्या पुढे कुणी बसतं का?"

"मी टीव्ही बघत नाहीये," अलका नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. तिने कापूस हातात घेतला. "तुमचं चालू दे."

"अलकाताई, आम्हाला काहीच दिसत नाहीये," मालविका हसत म्हणाली.

"मला दिसतंय."

मालविकाचं हसू तिथेच थांबलं. अलकाच्या पाठीमागे समुद्राची गाज वाजत होती, कुणी बाई घाबरून दार लावून घेत होती. चिवड्याच्या वाटीकडे गेलेला शशीचा हात मध्येच थबकला आणि गुडघ्यावर जाऊन बसला.

मागे आवाज आला. खळ्‌ खळ्‌.

"पोस्टमास्तर," वात वळता वळता अलका म्हणाली. "आता त्याला बोलताना ऐका. खुनी तोच."

मागे दार उघडल्याचा आवाज आला. पोस्टमास्तर नम्रपणे म्हणाला, गुड आफ्टरनून, मॅडम.

"बाई गं!" मालविका पुढे सरकली. "तुम्ही तर बघतच नाही. कसं ओळखलंत?"

"रोज स्वयंपाकघरात बसलं की येतं ओळखता."

शशीने जरा बाजूला कलून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चष्म्याच्या काचांमध्ये मालिका उतरली होती. नखाएवढ्या चार बायका धावत होत्या. अलकाने चटकन डोळे मिटून घेतले. व्रत ते व्रत. तिची बोटं मात्र मांडीवर वात वळत राहिली.

मग सोफ्याची स्प्रिंग वाजली. चिवड्याची वाटी टेबलावर टेकल्याचा आवाज आला. गालिच्यावर चार पावलं झाली, संथ, बायपाससाठी शीर काढलेला डावा पाय किंचित ओढत. आणि खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात वेताची खुर्ची करकरली.