टॅमसिन पेलचा दगड

"कुणी काही खाऊन आलंय का? आधीच सांगा. मागाहून कळलं तर कान उपटीन." रांगेतल्या पोरांना सिलास टकर दटावत होता. तो गावचा खाटीक. सेंट लूसी या संतिणीच्या सणाला रांग लावायचं काम त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

डिसेंबरातली सकाळ. चर्चसमोरची हिरवळ गोठलेल्या दवानं पांढरी झाली होती. चर्चच्या आवाराच्या भिंतीबाहेर, उत्तरेच्या अंगाला, जमिनीत अर्धाअधिक रुतलेला एक दगड होता. त्यावर फक्त नाव आणि साल दिसे: टॅमसिन पेल, १६७१. एकेक जण पुढे येई, घसा खाकरी आणि दगडावर थुंके. चारशे माणसांचं आमचं लिडकोम, आणि एक सोडून सगळे जण थुंकत. कुणाची थुंकी ओघळे, कुणाची थंडीनं तिथंच गोठे. म्हाताऱ्या तर थुंकून वर अंगठ्यानं ती दगडावर चोळत. मग सगळे हिरवळीवर जाऊन सफरचंदाचं गरम सायडर पीत आणि मांस भरलेल्या पेस्टी खात. त्याच तोंडानं.

चर्चच्या दारात विनिफ्रेड पेल बादली घेऊन उभी होती. गावातली ती शेवटची पेल. वय एकसष्ट, पोस्टातून निवृत्त झालेली. सगळे पांगले की ती ब्लीचच्या पाण्यानं दगड घासायची. दरवर्षी तिला मळमळायचं, आणि दरवर्षी ती घासायची.

"यंदाही घासणार वाटतं?" सिलासनं विचारलं.

"तुम्ही घाण करायची सोडलीत तर मीही सोडीन."

"अगं, मनाला काय लावून घेतेस? तीनशे वर्षांपूर्वीची चेटकीण ती. गावच्या पोरांच्या डोळ्यांवर साथ आणली तिनं. दारोदार फिरून प्रत्येक पोराच्या तोंडाजवळ तोंड नेत होती म्हणतात."

"आणि शाळेत माझ्या पाठीवर कोण थुंकत होतं रे, सिलास?"

सिलासनं मान वळवली आणि रांगेवर उगाच खेकसला.

विनिफ्रेडची आई मरताना म्हणाली होती, मला इथे पुरू नका, शेजारच्या गावात न्या. त्या दिवसापासून विनिफ्रेडनं एकच गोष्ट मनाशी धरली होती. आपण डोळे मिटायच्या आत हे थुंकणं बंद व्हायला हवं आणि टॅमसिनचा दगड भिंतीच्या आत, चारचौघांच्या थडग्यांत यायला हवा. पेल आडनाव निदान शेवटी तरी स्वच्छ व्हावं.

जानेवारीत चर्चच्या समितीची बैठक झाली. विनिफ्रेड उभी राहिली आणि ठाम आवाजात बोलली.

"मेलेल्या बाईवर थुंकायला लहान लेकरं शिकवता. किळस येत नाही तुम्हाला? मला येते. तुमची येते."

पाद्रीसाहेब गावात नवे होते, त्यांनी चष्मा काढून पुसला.

"टकर, ही प्रथा सुरू कुणी केली?"

"कुणास ठाऊक साहेब. पहिल्यापासून आहे. उपाशीपोटीच यायचं, एवढं मात्र कडक. माझी आजी तर अंगठा असा फिरवायची, अगदी हळू, लेकराचं तोंड पुसावं तसा. का, ते मी कधी विचारलं नाही."

"म्हणजे गावाला का ते माहीत नाही, आणि तरी गाव थुंकतं," विनिफ्रेड म्हणाली. "वा रे गाव!"

मतं पडली. एका मतानं ती जिंकली. थुंकणं कायमचं बंद, आणि मार्चमध्ये दगड आत हलवायचा. बाहेर पडताना सिलास तिच्याजवळ थांबला. "पाठीवर थुंकलो होतो खरा. चुकलंच माझं," तो पुटपुटला. त्या रात्री विनिफ्रेड कित्येक वर्षांनी गाढ झोपली.

मार्चमध्ये पाथरवट आला. दगड पुन्हा एकदा घासूनच आत न्यायचा असा विनिफ्रेडचा हट्ट होता. तिनं गुडघे टेकून तासभर तो घासला, बोटं सोलवटली, पण दगड पांढरास्वच्छ झाला. निम्मं गाव बघायला आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती गावादेखत हसली.

पाथरवटानं पहार घातली. दगड हलला, चिखलातून सुटा झाला, आणि जेवढा वर होता त्याच्या दुप्पट खालून निघाला.

"साहेब, खाली लिहिलंय बरंच काही," तो म्हणाला.

"वाचा ना," विनिफ्रेड म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येईल असं वाचा. काय शिव्या घातल्यात ते कळू दे गावाला."

पाद्रीसाहेबांनी रुमालानं चिखल पुसला. अक्षरं जुनी होती, त्यामुळे ते थांबत थांबत वाचू लागले.

"साथीत आमच्या मुलांचे डोळे चिकटून बंद झाले, तेव्हा ही दारोदार गेली. उपाशीपोटीच्या आपल्या थुंकीनं तिनं एकेक डोळा धुतला. बावीस मुलांना पुन्हा दिसू लागलं. तिला मात्र साथीनं नेलं, म्हणून भिंतीबाहेर ठेवावं लागलं."

ते थांबले. त्यांनी विनिफ्रेडकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली.

"पुढे?" ती म्हणाली.

"तिला द्यायला आमच्यापाशी दुसरं काही नाही. दर सेंट लूसीला, अन्नाला तोंड लावण्याआधी, तिचंच तिला परत देऊ. ज्या दिवशी हे थांबेल, त्या दिवशी समजावं, लिडकोम तिला विसरलं."