तिसरा गोल

सरावातला तिसरा चेंडूही डर्व्हलाच्या कानाजवळून गेला. तिने काठी उचलली तेव्हा तो जाळीत जाऊन थांबलाही होता.

"अगं, गोल राखतेयस की बसची वाट बघतेयस?" प्रशिक्षक नोरीनकाकू कडेवरून ओरडल्या. पोरी हसल्या. रविवारी कॅमोगीची, म्हणजे बायकांच्या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाची, उपान्त्य लढत होती. गावाचा संघ अकरा वर्षांनी तिथवर पोचला होता, तोही डर्व्हलाच्या गोलरक्षणामुळे.

डर्व्हला गोल सोडून कडेला आली. नोव्हेंबरचं ऊन कलून मैदान करडं झालं होतं.

"काकू, रविवारी मला बाहेर बसवा."

"छातीचं काही आहे का?" काकूंचा आवाज एकदम उतरला. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस, फुप्फुसांचा आणि पचनाचा आजार, आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"छाती ठणठणीत आहे. अंधारून आलं की चेंडू दिसत नाही."

"मग चष्मा लाव."

"चष्म्याचं काम नाही ते. मला लोणी-चरबी नीट पचत नाही, म्हणून जीवनसत्त्वं अंगात टिकत नाहीत. त्यांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. एप्रिलपासून मी घेतल्याच नाहीत."

"का गं पोरी?"

"कंटाळले. रोज तीस-तीस गोळ्या! दिवसभर दिसत होतं, पळता येत होतं, वाटलं काय अडतंय." तिने हेल्मेट काढलं. "सकाळी दवाखान्यातून फोन आला. रक्तात अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. संध्याकाळी कमी दिसतं का, विचारलं. मी चक्क नाही म्हणाले. आता घरी जाऊन खरं सांगते त्यांना."

काकूंनी आभाळाकडे पाहिलं. सामना तीनला सुरू होणार होता. उत्तरार्धात उजेड असाच असणार होता.

"हे मला सांगितलं नसतंस, तर कुणाला कळलंही नसतं."

"चौथ्या गोलाला कळलं असतं."

काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बदली खेळाडू ऊनाला हाक मारली. सतरा वर्षांची ऊना पांढरीफटक पडत गोलात जाऊन उभी राहिली.

डर्व्हलाने पिशवीतला लोणी लावलेला पाव काढला, त्याबरोबर पचनाच्या आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या गिळल्या. मग ती जाळीमागे जाऊन उभी राहिली. मैदानातून चेंडू सुटला.

"ऊना, उशिरा हललीस!"

"तुला तर दिसत नाही म्हणे!"

"चेंडू नाही दिसत. तुझी पावलं ऐकू येतात. चल, पुन्हा."