नावेचं पान

रविवारी नौबादमधल्या घरी नागेंद्र, त्याची बायको सुधारानी आणि मित्र तुळजाराम पुराचा खेळ मांडून बसले होते. या पटावर कुणी कुणाच्या विरुद्ध नसतं. तिघांनी मिळून गाव वाचवायचं, नाहीतर तिघांनीही हरायचं. सकाळपासून तीन डाव हरले होते आणि तिन्ही वेळा चुकीचं पान तुळजारामनंच टाकलं होतं.

"तुळजाराम अण्णा मुद्दाम हरवायलेत," सुधारानी नवऱ्याच्या कानात पुटपुटली. त्यालाही तोच संशय होता.

चौथ्या डावात पाणी दवाखान्यापर्यंत आलं.

"नावेचं पान हाय का कुणाकडं?" नागेंद्रनं विचारलं.

तुळजारामनं हातातली पानं बराच वेळ न्याहाळली. "माझ्याकडं न्हाई."

नागेंद्रनं ती पानं हिसकावूनच घेतली. नावेचं पान सगळ्यात वर होतं.

"मग हे काय हाय? कामून खोटं बोलायलास?"

तुळजारामनं पान परत घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. "पूल हाय की रे," तो म्हणाला.

सुधारानीनं चित्रातल्या नावेवर बोट ठेवलं. त्यानं पान हळूच खाली ठेवलं.

"सहा महिने झाले, नीट दिसंना. चष्म्यानं भागत न्हाई म्हणतोय डॉक्टर. कुणाला सांगू नको, नागू. शाळेची बस चालवायला देणार न्हाईत मला."



रोज सकाळी त्याच बसमध्ये आपल्या मुलीला बसवून हात हलवणाऱ्या नागेंद्रनं तळहात पुढं केला, "चावी दे."